हळदीचा हात

आमच्या गल्लीतली पोरं मला पाठीमागं 'लिटमस' म्हणतात. समोर 'अभयसर' म्हणतात, पण त्यात आदर किती आणि घाई किती हे सांगता येत नाही. मी एकदा बोलायला लागलो की सुटका नसते, हे त्यांना अनुभवानं कळलेलं आहे.

मी शेंद्र्याला एका कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करतो. पावडरीत सोडा किती पडला, ती किती अल्कधर्मी झाली, हे दिवसभर तपासत बसायचं. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. रूपा, म्हणजे माझी बायको, चणे भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकते. सोड्यानं चण्याचं साल कसं सैल पडतं आणि त्यापायी जीवनसत्त्वं कशी जातात, हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. ती म्हणते, "जेवायचं का शिकवायचं, एक काय ते ठरवा." शेजारच्या पापडांना लाली आली की मी कुंपणावरून विचारतो, "खार जास्त झाला का?" बोअरच्या पाण्यानं बादल्यांवर पांढरा थर धरतो, तो मी व्हिनेगर टाकून काढतो आणि त्याचे बुडबुडे बघायला घरच्यांना हाका मारतो. पहिल्यांदा सगळे आले होते.

पण माझा खरा मान म्हणजे विज्ञान दिनाचा प्रयोग. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या बुद्धविहारात मी पोरांना गोळा करतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला पिवळा कागद भिंतीला लावतो, सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवतो आणि त्या कागदावर 'प्रज्ञा' असं लिहितो. पिवळ्यावर लालभडक अक्षरं उमटतात. पोरं टाळ्या वाजवतात. मग मी पोरांकडं तोंड करून, जरा थांबून, सांगतो की हळदीला सोडा लागला की ती लाल होते आणि लिंबू लागलं की परत पिवळी. यात जादू नाही, चमत्कार नाही, अपशकुन तर अजिबात नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की शेवटचं वाक्य पोरं माझ्या आधी म्हणतात.

हे सगळं आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणाला वाटायला नको. मी ते पूर्ण ज्ञानानिशी केलं.

मोनालीचं, आमच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न मे महिन्यात ठरलं. नवरदेव सुदर्शन, सिल्लोडचा, शाळेत मास्तर. लग्न बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या साडीत, साधं. मी एक अट घातली की हळद नको. घरात सभाच भरवली आणि त्यात बाबासाहेबांपासून सुरुवात करून रूढी, कर्मकांड, विवेक असं सगळं बोललो. मोनालीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, हळद लावली की नाचायला मिळतं. ह्यात रूढी कुठून आली?" रूपा म्हणाली, तेवढं होऊ द्या. वच्छलाताई, माझी थोरली बहीण, म्हणाली की हळदीवाचून लग्न म्हणजे बैठक वाटते. मी हरलो, पण हरताना ठराव मात्र माझा करून घेतला. हळद होईल, पण विधी म्हणून नाही, त्वचेची निगा म्हणून होईल. गल्लीतल्या ग्रुपवर रूपानं 'हळदी समारंभ' असंच टाकलं आणि खाली नाचणाऱ्या बायकांची चित्रं टाकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सिल्लोडहून नवरदेवाची उष्टी हळद आली आणि तिच्याबरोबर लग्नाची साडी. पांढरीशुभ्र, काठाला बारीक जर. सुदर्शनच्या आईनं स्वतः हिंडून निवडलेली. संध्याकाळी दारातल्या मांडवात पाट मांडला. साडी कौतुकानं खुर्चीवर घडी घालून ठेवली होती, येईल ती बाई पोत हातानं चाचपून बघत होती.

माझी आई मागं भिंतीपाशी बसली होती. मनकर्णाबाई तिचं नाव, आम्ही तिला माय म्हणतो. माहेर अजिंठ्याकडचं. माझे वडील, सांडू, जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कुणाचीही हळद असली की माय आपली भिंतीपाशी बसते. तिला कुणी उठवत नाही, कुणी अडवतही नाही. विहारात अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या मला, आपली आई हळदीत कुठं बसते, हे त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं. सोडा दिसतो, माणूस दिसत नाही, अशी माझी नजर.

मोनालीला दिसलं. पाटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "पहिली हळद आजी लावणार."

"नाय गं बाई," माय म्हणाली. "म्या नगं. ह्या सवाष्णी हायेत की."

"आजी, तू लावल्याशिवाय मी कुणालाच लावू देणार नाही."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, जणू कल्पना माझीच होती. ती उठून आली, तेलात कालवलेली हळद तिनं तळहातावर घेतली आणि नातीच्या गालांना, हातांना हळूहळू लावली. डोळे भरून आले तिचे. माझेही आले, पण मी चष्मा पुसल्यासारखं केलं. मग उठताना तिचा तोल गेला. एक हात मोनालीच्या खांद्यावर पडला, दुसऱ्या हातानं तिनं शेजारची खुर्ची धरली. म्हणजे खुर्चीवरची साडी.

पांढऱ्या घडीवर पाच बोटांसकट पिवळा हात उमटला.

मायचा चेहरा पडला. रूपानं तिला सावरलं, "काय नाय होत हो सासूबाई, घडीत जाईल तो." तिनं साडी उचलून आतही नेली. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण मी तिच्या मागं गेलो आणि म्हणालो, "मी आहे ना."

रूपा म्हणाली, "तुम्ही हात लावू नका. फक्त एवढं करा."

मला हे ऐकून राग आला. डाग काढणं हा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा, त्याला डागाला हात लावू नको म्हणायचं? ती बाहेर पाहुण्यांकडं गेल्याबरोबर मी साडी घेऊन मागच्या मोरीत गेलो. तिथं माझी बाटली असते. धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी, शर्टांच्या कॉलरी त्यानंच निघतात. माझा विचार असा होता की हळद तेलात कालवलेली आहे, म्हणजे डाग तेलाचा, आणि तेल काढायला अल्कली हवी. इथपर्यंत विचार बरोबर होता. फक्त त्यातून हळद तेवढी सुटली.

डागाखाली टॉवेल धरला आणि बाटली वाकडी केली.

लाल. बोटं, तळवा, अंगठा, सगळं एकदम लालभडक. पांढऱ्या साडीवर रक्तानं माखलेला हात. मी तसाच बघत उभा राहिलो आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मलाही ते रक्तच वाटलं. दुसऱ्या क्षणी विहारातला कागद आठवला. तिसऱ्या क्षणी टाळ्या ऐकू आल्या.

तेवढ्यात तांब्या घ्यायला वच्छलाताई मोरीत आली. तिनं साडी बघितली आणि किंचाळलीच. मग अख्खा मांडव मागं लोटला. मी टॉवेलानं बाटली झाकली. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं, माझ्या हातानं आपणहून केलं.

"हळदीचं रगत झालं की ओ," ताई म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मायला कशाला लावायला लावली पहिली? नव्हती लावत ती, तर जबरदस्तीनं..."

ताई वाईट नाही. ती स्वतः विहारात माझ्याहून नियमानं जाते. पण बोलली ती, आणि मागं दारात उभ्या असलेल्या मायनं ते ऐकलं.

माय साडीजवळ आली, त्या लाल हाताकडं बघत राहिली. मग स्वतःचा हात तिनं पदराखाली घेतला. "म्हणून म्या नगं म्हणत व्हते," ती म्हणाली. "माजाच हात लागला. उद्या म्या नाय येत लग्नाला. पोरीच्या वाटंत म्या नगं." आणि ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

सगळे बोलत होते. रूपा म्हणत होती गुलमंडीवर जाऊन दुसरी साडी आणू, अजून दुकानं उघडी आहेत. शेजारची मेघा गाडीची किल्ली आणायला धावली. मोनाली आजीच्या पाठीला बिलगून रडत होती आणि तिच्या गालावरची हळद मायच्या लुगड्याला लागत होती. आणि मी, गल्लीतला लिटमस, टॉवेलाखाली बाटली धरून गप्प उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की हे मी केलं. पण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. सर, तुम्ही? हळदीला सोडा? माझी आई स्वतःला पांढऱ्या पायाची समजून भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि मला काळजी होती ती विज्ञान दिनाची.

मला स्वतःची लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली. मी बाटली घेऊन आत गेलो.

"माय, ते लाल तुझ्या हातानं नाही झालं. मी सोडा टाकला त्यावर. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, मला माहीत होतं. शहाणपणा करायला गेलो."

रूपानं डोळे मिटून घेतले. दारातनं कुणीतरी म्हणालं, "सरांनी?" माय मात्र वळलीच नाही.

"मला बरं वाटावं म्हनून बोलतोस तू," ती म्हणाली. "लहानपणापास्नं तसाच हायेस."

मी लहानपणापासून तसा कधीच नव्हतो, पण हा वाद घालायची ती वेळ नव्हती. मी सरळ कपाटातून माझा नवा पांढरा झब्बा काढला. उद्या लग्नात घालायला रूपानं मापानं शिवून घेतलेला. तो मायच्या समोर जमिनीवर पसरला आणि हळदीची वाटी मागवली.

"आता काय करताय?" रूपा म्हणाली.

"तुलनेसाठी नमुने घेतोय," मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा माझ्या तोंडून हे वाक्य निघालं.

मी ताईला म्हणालो, हळदीत हात बुडव आणि उमटव इथं. ती बिचकली, पण तिनं उमटवला. मग रूपानं. मग मेघानं, जिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मग मोनालीनं. मायनं हात पदराखालून काढला नाही, तेव्हा मोनालीनं तो हळूच ओढून घेतला, वाटीत बुडवला आणि झब्ब्यावर टेकवला. पाच पिवळे हात ओळीनं उमटले. तीन सवाष्णींचे, एक होणाऱ्या सवाष्णीचा, असं मोजायला गेलं तर एकच वेगळा.

मी सगळ्यांवरनं बाटली फिरवली.

हात एकामागून एक लाल झाले. ताईचा झाला, रूपाचा झाला, मेघाचा झाला, मोनालीचा झाला, मायचा झाला. ताई स्वतःच्या लाल हाताकडं बघून खाली बसली.

मला वाटलं, आता हीच वेळ. मी आवाज जरा खोल केला आणि विचारलं, "माय, आता सांग, ह्यातला तुझा हात कोणता?"

उत्तर अर्थातच मला ठाऊक होतं. तिला ओळखता येणार नव्हतं, कुणालाच येणार नव्हतं, आणि त्यावर मी दोन वाक्यं बोलणार होतो.

माय पुढं वाकली. तिनं चष्मा नीट केला, ओळ न्याहाळली आणि बोट ठेवलं. "ह्यो माजा. करंगळी वाकडी हाय."

माझी दोन वाक्यं तिथंच राहिली.

माय मात्र अजून बघत होती. या हातावरून त्या हातावर तिची नजर फिरत होती. मग ती म्हणाली, "पन वच्छीचा माज्यापरीस लाल झालाय."

"व्हय माय," ताई रडत रडत म्हणाली. "माझा लई लाल झालाय." आणि ती मायच्या गळ्यात पडली. माय हसायला लागली. दात नसलेलं, आवाज नसलेलं तिचं हसणं, खांदे तेवढे हलतात. मेघा हसली, मोनाली हसली. रूपाही हसली, पण ती झब्ब्याकडं बघून.

मग मी लिंबं आणायला सांगितली. साडी मायच्या मांडीवर ठेवली. पिळणार मी नाही, हे या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं लिंबू पिळलं, वाकड्या करंगळीवरून रस लाल तळव्यावर पडला आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल मागं सरत गेलं, खालून पिवळं वर आलं. तिनं दुसरी फोड घेतली, एकेक बोट सावकाश पिवळं करत गेली. साध्या पाण्यानं ते रूपानं खळबळून काढलं. सोडा गेला, लाली गेली, तेलही बरंचसं गेलं. फिकट पिवळा हात तेवढा राहिला. तो उन्हात उडतो, पण त्याला दिवस लागतात, आणि आमच्याजवळ एक रात्र होती.

"गुलमंडीला जायचं का?" मेघानं किल्ली दाखवत विचारलं.

"कशाला?" मोनाली म्हणाली. "मी हीच नेसणार."

मायनं साडीची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला आणि मग रूपाला म्हणाली, "माजं ते पांढरं लुगडं काड गं इस्त्रीला. उद्या लवकर निघायचंय का?"

मी मोरीत गेलो आणि नळ सोडून थोडा वेळ उभा राहिलो. नळाला पाणी नव्हतं, आमच्याकडं ते रोज येत नाही. नुसताच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोनालीनं साडी अशी नेसली की तो हात बरोबर तिच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली आला. सुदर्शनच्या आईला पहिल्या मिनिटातच दिसला. मी उत्तर तयार ठेवलं होतं, त्यात आम्ल आणि अल्कली दोन्ही होती. मोनाली म्हणाली, "आजीचा हात आहे." त्या बाईंनी मायकडं बघितलं, डागाकडं बघितलं आणि "असू दे" म्हणाल्या. त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले गेले. माय पहिल्या रांगेत बसली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते आणि मी कारखान्याच्या आकाशी शर्टात, कारण माझ्या झब्ब्यावर पाच बायकांचे हात होते. तीन जणांनी मला हॉलचा वायरमन समजून पंखा वाढवायला सांगितला. मी वाढवला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण गेल्या आठवड्यात आमचा फोटोग्राफर आकाश लग्नाचा अल्बम घेऊन आला. माय आणि मी तो मांडीवर घेऊन बसलो. आकाश मोठ्या उत्साहानं म्हणाला, "सर, मोनालीताईंच्या साडीवर मागं एक पिवळा डाग होता. सगळ्या फोटोंतून काढलाय. बघा, सापडतो का."

मी बघितलं. साडी स्वच्छ पांढरी होती. वर्षानुवर्षं सोड्यात हात घालून मला जे जमलं नाही, ते या पोरानं खुर्चीत बसून केलं होतं.

मायनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मोनालीच्या पाठीवर बोट फिरवत ती शोधत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "माजा हात कुटं गेला रे?"

मी अल्बम मिटला आणि आकाशला म्हणालो, "तो परत आण."

"काय परत आणू?"

"डाग. जसा होता तसा. सगळ्या फोटोंत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं. इतकी लग्नं केली, पण डाग परत लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदा बघितलं होतं. समजूतदार पोरगा आहे, वाद घातला नाही. जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "सर, रंग कोणता ठेवू? घरून निघतानाच्या एका फोटोत मागं, खाटेवर वाळत घातलेला तुमचा झब्बा आलाय, त्यावरचे हात तर लाल दिसतात."

"पिवळा," मी म्हणालो.